आधी पाणी शोधा, मग पत्रा कापा
वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारीची बॉडी घरी दुरुस्त करताना

कॉन्टेसा, अ‍ॅम्बॅसॅडर, पद्मिनी आणि जीप यांच्या सडलेल्या पत्र्याविषयी आलेली पत्रं या अंकासाठी निवडली आहेत. इंजिनाचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ.

प्रश्न : वडिलांची कॉन्टेसा क्लासिक आठ वर्षं शेतातल्या शेडमध्ये, गोठ्याला लागून उभी होती. वरून रंग बरा दिसतो, पण चालकाच्या पायाखालची चटई उचलली तर बोट आरपार जातं. मित्र म्हणतात, ही आपली देशी मसल कार आहे, मोडीत घालू नकोस. सुट्टीच्या दिवशी घरीच काम करायचं ठरवलं आहे. सुरुवात कुठून करू? — वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : रंग, पॉलिश, क्रोम हे सगळं तूर्त बाजूला ठेवा. पहिलं काम आहे पाण्याची वाट शोधण्याचं. आपल्याकडं समुद्राची खारी हवा नाही, त्यामुळं मराठवाड्यातली मोटार बाहेरून फारशी गंजत नाही, ती आतून सडते. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पुढच्या काचेचं रबर कडक होऊन चिरतं. जूनच्या पहिल्या पावसात त्या चिरेतून पाणी डॅशबोर्डच्या मागून खाली उतरतं आणि चटईखालच्या डांबरी थराखाली अडकतं. चटई चार दिवसांत वाळते, डांबराखालची ओल मात्र दिवाळीपर्यंत हटत नाही. तुमचं बोट जिथून आरपार गेलं, तिथं पाणी शेवटी येऊन थांबलं होतं. ते शिरलं कुठून हे न शोधता नुसता तिथला पत्रा बदललात, तर नवा पत्राही तसाच जाईल.

गाडी सपाट जागी घ्या. पुढच्या सीट, चटया आणि दारांची आतली पॅनल काढा. एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून साध्या नळीनं, जोर न लावता पाणी सोडायचं. खालून वर जायचं: आधी दाराची खालची कड, मग काचेची खालची बाजू, मग काचेचे कोपरे, शेवटी छत. प्रत्येक जागी पाच मिनिटं तरी थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कधीच कळत नाही. बोनेटच्या मागं, काचेच्या खाली हवेची जाळी असते. तिच्या खालचा कप्पा नीट पाहा. पाला आणि माती साचून त्याची पाणी जायची भोकं बुजतात आणि कप्प्याचा हौद होतो. शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीत तिथं उंदरांची घरटीही सापडतात.

त्यानंतर फ्लोअरवरचा डांबरी थर काढा. हिवाळ्यात पहाटेच्या गारव्यात तो ठिसूळ होतो, तेव्हा हातोडीनं हलके ठोके दिले की तुकडे निघतात. उरलेला हीटगननं मऊ करून खरवडा. मग बोथट स्क्रू ड्रायव्हर घेऊन दर दोन इंचांवर दाबत आणि मुठीकडून ठोकत चला. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द वाजतो. वरच्या पत्र्यासाठी चपटा लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथं पकड सैल वाटेल तिथं रंगाखाली जाड लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आहे, म्हणजे तिथं कुणीतरी आधी काम करून गेलं आहे.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: दारांखालच्या सिलची (उंबऱ्यासारख्या पोकळ पेटीची) पुढची-मागची टोकं, जॅक लावायच्या जागा, बॅटरीचा ट्रे, डिक्कीत स्टेपनी ठेवायचा खड्डा, दारांच्या तळाची दुमड, मागच्या चाकांच्या कमानी आणि मागचा पाटा (स्प्रिंगची पट्टी) जिथं बॉडीला अडकवलेला असतो ती जागा. चाकांच्या कमानीत काळी माती बसलेली असते. ही माती पाणी धरून ठेवते आणि वाळली तरी दगडासारखी चिकटून राहते, म्हणून आधी रात्रभर भिजवून लाकडी फळीनं काढा. तुमच्या गाडीला गोठ्याचा शेजार होता. शेण-मुताच्या ओलीनं खालचा पत्रा जास्त खाल्लेला असणार, तेव्हा गोठ्याकडच्या बाजूला दुप्पट वेळ द्या. तीन रंगांचे खडू घ्या: वरवरचा गंज पांढरा, खड्डे पडलेला पत्रा पिवळा, कापायचा तो लाल. हा नकाशा पूर्ण झाल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नका. सगळ्याचे फोटो काढा, आणि काढलेला प्रत्येक नट-बोल्ट चिठ्ठी लावलेल्या वेगळ्या पिशवीत ठेवा. सहा महिन्यांनी कुठला स्क्रू कुठला हे कुणालाच आठवत नाही.

मसल कारच्या नावानं परदेशी व्हिडिओ पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९६४ची पॉन्टियाक जीटीओ किंवा शेव्हेल या अमेरिकन गाड्यांना खाली वेगळी चासी असते. बोल्ट काढले की बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. मस्टँग आणि चार्जर तशा नाहीत आणि आपली कॉन्टेसाही नाही. हिंदुस्तान मोटर्सनं १९८४मध्ये आणलेल्या या गाडीचा मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा. फ्लोअर, सिल, खांब आणि छत मिळून एकच पेटी, म्हणजे पत्रा हीच तिची चासी. अ‍ॅम्बॅसॅडर आणि पद्मिनीचंही तेच. म्हणून या गाड्यांत सडलेला सिल हा दिसण्याचा प्रश्न नाही, मजबुतीचा आहे. पाट्याच्या अडकवणीची जागा सडलेली निघाली तर तेवढं काम अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्या.

प्रश्न : अ‍ॅम्बॅसॅडरच्या दोन्ही बाजूंचे सिल गेले आहेत. गेट-खिडक्या करणारा ओळखीचा फॅब्रिकेटर म्हणतो, जुन्यावरूनच पट्टी ठेवून रॉडनं वेल्डिंग मारून देतो, एका दिवसाचं काम आहे. करू द्यावं का? पत्रा कोणता आणावा? — वाचक, जालना

उत्तर : करू देऊ नका. बॉडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपासचा असतो. रॉडच्या वेल्डिंगची उष्णता त्याला झेपत नाही, भोक पडतं किंवा पत्रा लाटेसारखा वाकडा होतो. शिवाय जुन्या सडक्या पत्र्यावर नवी पट्टी ठेवली की दोघांच्या फटीत ओल राहते आणि नवी पट्टी आतल्या बाजूनं गंजायला लागते. वरून रंग मारला की काम छान दिसतं, म्हणून तर ही पद्धत अजून टिकून आहे. सडलेलं सगळं कापून, चांगल्या पत्र्यापर्यंत जाऊनच जोड द्यायचा.

जालन्याच्या भट्ट्या सळईसाठी नावाजलेल्या आहेत. पण तुम्हाला सळई नको, हवा तो सीआरसीए, म्हणजे थंड लाटलेला मऊ पत्रा. फ्लोअरसाठी १ मिमी, सिलसाठी १.२ मिमी. आठ बाय चार फुटांची १.२ मिमीची शीट साधारण २८ किलो भरते आणि दोन्ही सिलना पुरून उरते. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा आणू नका. वेल्डिंगमध्ये त्यावरचं जस्त जळतं, त्या पांढऱ्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप येतो आणि जोडही भोकाभोकांचा होतो. सिलचा आकार आधी पुठ्ठ्यावर काढा, मग पातळ पत्र्याचा छोटा नमुना करून गाडीला लावून बघा, आणि तो नमुना घेऊन छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा वाकवून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये जा. लांब सरळ दुमड मशीनवर पाच मिनिटांत निघते. तीच हातोडीनं घरी काढायला गेलात तर दिवस जातो आणि रेघ सरळ येत नाही.

आता कापण्याआधीची तयारी. हीच टाळली जाते आणि मग दारं लागत नाहीत. दार बंद करून त्याच्या भोवतीची फट वर, मध्ये आणि खाली मोजा आणि आकडे मास्किंग टेपवर लिहून तिथंच चिकटवा. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्णही मोजा. मग दार काढून चौकटीत २५ मिमीच्या चौकोनी पाइपचा आधार लावा: बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत एक आडवा, एक तिरका. गाडीचं वजन चाकांवर किंवा चाकांच्या जागेजवळच्या स्टँडवर, चारही बाजूंना समपातळीत हवं. मधोमध जॅक लावून सिल कापला तर गाडी तिथंच वाकते आणि वेल्डिंगनंतर तो वाक कायमचा होतो. एका वेळी एकच बाजू, आणि त्या बाजूचाही तिसरा हिस्साच कापा. तो टॅक करून (वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरता जोडून) दार लावून बघा, फट टेपवरच्या आकड्याशी जुळली तरच पुढं जा.

वेल्डिंग सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू आणि तारेच्या) मशीननं. तार ०.८ मिमी. आर्गन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण मिळालं तर पातळ पत्र्याला जास्त सोपं जातं. नुसत्या सीओटूवर जोड जास्त तापतो आणि ठिणग्या फार उडतात. समोरासमोरच्या जोडात तारेच्या जाडीएवढी फट ठेवा. सलग रेघ मारायची नाही. एक टॅक इथं, दुसरा हातभर लांब, तिसरा उलट टोकाला, असं करत टॅकमधलं अंतर इंचभर आणा आणि मग मधल्या जागा भरा. पत्र्याला हात लावता येईल एवढा तो निवला पाहिजे, तोवर थांबा. घाईनं पाणी ओतून थंड करू नका. जिथं पत्र्यावर पत्रा येतो तिथं वरच्याला ६ मिमीची भोकं पाडून ती भरून घ्या, आणि आत दबणाऱ्या दोन्ही बाजूंना आधीच जस्ताचा वेल्डिंग प्रायमर मारा. नंतर त्या जागी कुंचला पोचत नाही.

बॅटरीची तार काढा, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ असते. उरलेलं डांबर, सीटचा फोम आणि वायरिंग काम चाललेल्या जागेपासून हात-दोन हात दूर हवं. काम संपल्यावर अर्धा तास गाडीजवळ थांबा. आतल्या बाजूनं धुमसणारं डांबर लगेच दिसत नाही.

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात पद्मिनीचं लांबीकाम आणि रंगकाम स्वतः केलं. एका पावसाळ्यात दारांवर फोड आले, मडगार्डवर लांबीची कड नकाशासारखी रंगातून दिसू लागली, आणि बोनेटवर पांढऱ्या रंगात पिवळट डाग आलाय. लांबी खराब निघाली का? — वाचक, बीड

उत्तर : डबा बहुतेक चांगलाच असणार. तुम्ही लिहिलेले तिन्ही दोष वेगवेगळे आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी.

फोड पाण्याचे आहेत. पॉलिस्टर लांबी टिपकागदासारखं पाणी पिते. बरेच जण ती ओल्या पॉलिश पेपरनं रगडतात, कारण धूळ उडत नाही. ते पाणी लांबीत मुरतं, वरून प्रायमर आणि रंग बसतो, आणि ऊन लागलं की आतली वाफ रंग उचलते. लांबी नेहमी कोरडीच रगडायची, मास्क लावून. दारांवर दुसरी एक शक्यता आहे: पत्र्याला सुईएवढी भोकं असताना ती वेल्डिंग न करता नुसती लांबीनं भरली असतील. पाऊस दाराच्या काचेच्या फटीतून आत उतरतो, भोकातून मागच्या बाजूनं लांबीला भिजवतो. फोड आलेल्या जागी दाराचं पॅनल काढून आतून दिवा धरा. उजेड बाहेर दिसला तर तिथं वेल्डिंगशिवाय इलाज नाही.

नकाशा दिसतो तो कड न उतरवल्यामुळं. लांबीच्या भोवतीचा जुना रंग हाताला पायरी लागणार नाही इतका उतरता रगडावा लागतो. ती पायरी सर्फेसरनं (रंगाखालच्या भरावाच्या प्रायमरनं) भरून काढायचा प्रयत्न केला की थर जाड होतो, त्यातला थिनर महिनाभर उडत राहतो, आणि थर आखडला की कड वर येते. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी जाड भरली असेल तर हे हमखास होतं. ती फक्त सुईच्या टोकाएवढ्या भोकांसाठी आणि पेपरच्या ओरखड्यांसाठी आहे.

पिवळा डाग हार्डनरचा. शंभर ग्रॅम लांबीला दोन ग्रॅम हार्डनर हे प्रमाण. लवकर वाळावी म्हणून अंदाजानं जास्त पिळला तर उरलेलं पेरॉक्साइड वरच्या रंगात चढतं. पांढऱ्या आणि फिक्या रंगावर ते आधी दिसतं. हा डाग वरून रंग मारून जात नाही. तिथली लांबी काढून नव्यानं भरावी लागेल.

पुन्हा करताना क्रम असा ठेवा. पत्रा ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं उघडा करा, थिनरनं पुसा, त्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन कोट. डब्यावर लिहिलेल्या वेळेत, म्हणजे प्रायमर पूर्ण कडक होण्याआधी, त्यावर लांबी भरता येते. वेळ निघून गेली असेल तर १८० नंबरनं खरबरीत करून मग भरा. एका वेळी शंभर ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका; चाळीस अंशांत तीन-चार मिनिटांत ती दह्यासारखी फुटायला लागते. कडक उन्हाळ्यात हार्डनर दीड ग्रॅमवर आणा, पण एकाखाली जाऊ नका, नाहीतर ती आतून कच्ची राहते. पट्टीनं दाबून भरा म्हणजे आत हवा राहणार नाही. रगडल्यावर थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उरत असेल तर पत्रा अजून ठोकायचा बाकी आहे. रगडायला हाताऐवजी लाकडी ठोकळा घ्या: आधी ८०, मग १२०, मग १८०. बोटांनी रगडलं की बोटांच्या खाचा लांबीत उतरतात आणि चकचकीत रंगात त्या उन्हात दिसतात. शेवटी काळ्या रंगाचा हलका फवारा मारून ठोकळा फिरवा. काळं जिथं उरेल तिथं खड्डा आहे.

प्रश्न : मार्चमधल्या गारपिटीत पद्मिनीच्या छताला आणि बोनेटला पंचवीस-तीस पोचे पडले. सगळ्यावर लांबी फिरवू का? — वाचक, मुदखेड (जि. नांदेड)

उत्तर : रंग फुटलेला नसेल तर लांबीची घाई नको. बोनेटच्या मागच्या बाजूनं हात पोचतो, तिथले उथळ पोचे गुळगुळीत टोकाच्या लोखंडी दांड्यानं कडेकडून मध्याकडं हळूहळू दाबत वर येतात. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यात पाहत काम करा. प्रतिबिंबाची रेघ सरळ झाली की थांबा. छतासाठी आतलं अस्तर उतरवावं लागेल. ते ज्या तारांच्या कमानींवर ताणलेलं असतं त्यांना क्रमांक लिहा, कारण प्रत्येक कमानीचा वाक वेगळा असतो.

तरीही उरलेले खोल पोचे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) आणि चपट्या हातोडीनं. खालून डॉली पोच्याच्या मधोमध धरा आणि वरून हातोडी पोच्याच्या कडेवर, उंचावलेल्या भागावर मारा. डॉलीवरच थेट हातोडी मारत राहिलात तर मधला पत्रा पातळ होऊन पसरतो आणि मग तो दाबला की डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर होतो. तसा झालाच तर पोच्याच्या मध्यावर पाच-सहा मिमीचा ठिपका गॅसच्या बारीक ज्योतीनं लाल करा, कडेनं दोन-तीन हलके ठोके द्या आणि ओल्या फडक्यानं दाबा. आखडलेला पत्रा घट्ट बसतो. छतावर हे करताना एक ठिपका पूर्ण थंड झाल्यावरच दुसरा घ्या. एवढं मोठं सपाट छत उष्णतेनं एकदा वाकलं तर ते पुन्हा सरळ करणं घरच्या हत्यारांनी होत नाही. मिलिमीटरभर खोल राहिलेल्या पोच्यांना मग लांबी आहेच.

प्रश्न : रेड ऑक्साइड स्वस्त मिळतं, सगळे तेच मारतात. इपॉक्सीच का? — वाचक, तुळजापूर (जि. धाराशिव)

उत्तर : हार्डवेअरच्या दुकानातलं रेड ऑक्साइड गेटसाठी ठीक आहे. त्याचा थर पाणी पूर्ण अडवत नाही, आणि वर पीयूचा (पॉलियुरेथेनचा) किंवा एनसीचा कडक थिनर पडला की तो सुरकुततो. इपॉक्सी दोन डब्यांचं असतं, पत्र्याला घट्ट धरतं आणि ओल आत जाऊ देत नाही. पूर्ण मोटारीला मिसळलेलं तीन-चार लिटर लागतं. फॉस्फरिक अ‍ॅसिडचं गंजनाशक वापरलं असेल तर ते पाण्यानं पूर्ण धुऊन, लगेच वाळवून मगच इपॉक्सी मारा. अ‍ॅसिड राहिलं तर इपॉक्सी सालीसारखं निघतं. वाळवायला उशीर झाला तर तासाभरात पत्र्यावर नारिंगी झाक येते. ती पुन्हा रगडावी लागते.

प्रश्न : घराशेजारच्या शेडमध्ये मे महिन्याच्या सुट्टीत रंग मारायचा विचार आहे. एक एचपीचा छोटा कॉम्प्रेसर आहे. पीयू पेंट जमेल का? कापडी मास्क पुरेल का? — वाचक, परभणी

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. पीयू पेंटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्याच्या धुक्यातून ते फुप्फुसात गेलं की दमा लागू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढं किंचितशा वासानंही धाप लागते. कापडी मास्क, रुमाल आणि धुळीचा पांढरा मास्क यांचा इथं काही उपयोग नाही. कोळशाच्या डब्यांचा मास्कही भरवशाचा नाही: आयसोसायनेटचा वास येत नाही, त्यामुळं डबा संपला हे कळत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क आणि अंगभर कपडे असतील तरच पीयू मारा, आणि घराला लागून तर मुळीच नको. ते धुकं खिडकीतून लेकराबाळांपर्यंत जातं. आमचा सल्ला स्पष्ट आहे. वेल्डिंग, ठोकणी, लांबी आणि रगडणं घरी करा, शेवटचा पीयू रंग मात्र बूथ असलेल्या वर्कशॉपमध्ये मारून घ्या. सगळं घरीच करायची जिद्द असेल तर जुन्या पद्धतीचा एनसी रंग आहे. त्यात आयसोसायनेट नसतं, धूळ बसली तर रगडून पॉलिश करता येतो, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या गाडीला तो शोभतोही. पण त्याची वाफ पेट घेते. शेडमधला बल्ब, बटण, पंखा यांची ठिणगीही पुरते, आणि वाफेसाठी कोळशाच्या डब्यांचा मास्क लागतोच.

आता महिना. मे नको. परभणीत दुपारी पत्रा हात लावता येणार नाही इतका तापतो. थेंब पत्र्यावर पोचेपर्यंतच वाळतो आणि रंग खरबरीत बसतो, किंवा वरची साय आधी धरून खालचा थिनर बाहेर पडताना टाचणीएवढी भोकं पाडतो. वर वावटळीची धूळ. पावसाळ्यात उलटं होतं: दमट हवेत एनसीवर पांढरट धुकं चढतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, सकाळी अकरा ते तीन ही चांगली वेळ. त्याआधी पत्र्यावर दव असतं, दिसत नसलं तरी. जमिनीवर आधी पाणी शिंपडा म्हणजे धूळ बसेल.

तुमच्या कॉम्प्रेसरवर पूर्ण बोनेट एका दमात होणार नाही. मोठ्या गनला मिनिटाला दहा-बारा घनफूट हवा लागते, एक एचपीचा तीन-चारच्या आसपास देतो. मध्येच दाब पडला की थेंब मोठे होतात आणि संत्र्याच्या सालीसारखं पोत येतं. कमी हवेवर चालणारी छोटी गन घेऊन सुटे भाग, दाराच्या आतल्या बाजू आणि डिक्कीची आतली बाजू त्यावर करता येईल. प्रायमरला १.६ ते १.८ मिमीची नोझल, रंगाला १.३ किंवा १.४. पत्र्यापासून वीतभर अंतर, हात पत्र्याशी समांतर, मनगट वळवायचं नाही, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर आला पाहिजे. हवेच्या नळीत पाणी अडवणारा फिल्टर लावा. दोन कोटांत दहा-पंधरा मिनिटं. रंगाखालचा सर्फेसर ४०० नंबरनं कोरडा, मग ६०० नं ओला रगडलेला हवा. सर्फेसर लांबीसारखा पाणी पीत नाही, पण कुठं रगडता रगडता लांबी उघडी पडली असेल तर तिथं पाणी लावू नका.

प्रश्न : बंपरच्या क्रोमवर तांबूस ठिपके आलेत. दारांच्या मुठीही निस्तेज झाल्यात. घरी काही करता येईल का? — वाचक, वसमत (जि. हिंगोली)

उत्तर : ठिपके वरवरचे असतील तर स्वयंपाकाची अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून, पाण्यात भिजवून हलक्या हातानं घासा, मग धुऊन मेण लावा. साल सुटली असेल तर पुन्हा प्लेटिंगच करावं लागेल. ते रसायन फार विषारी आहे, घरी प्रयोग करू नका. बंपरचे लोखंडी ब्रॅकेट आणि बिजागऱ्या मात्र घरी स्वच्छ होतात: प्लास्टिकच्या टबात लिटरला दहा-पंधरा ग्रॅम धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार साध्या लोखंडाच्या तुकड्याला. स्टीलचं भांडं किंवा स्टेनलेस पट्टी धन बाजूला कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे अंगणात, आगीपासून दूर करायचं. दारांच्या मुठी बहुधा जस्ताच्या ओतीव असतात. त्या या टबात टाकल्या तर खराब होतील.

प्रश्न : जीपला लष्करी हिरवा रंग द्यायचा आहे आणि फ्लोअर बदलायचा आहे. कागदपत्रांची अडचण येईल का? तिला विंटेज नंबर मिळेल का? — वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ऑलिव्ह ग्रीन देऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ नुसार तो रंग फक्त संरक्षण दलांच्या वाहनांना आहे. दुसरा रंग निवडला आणि तो आरसीवरच्या रंगापेक्षा वेगळा असेल तर आरटीओत नोंद करून घ्या. जीपला चासी वेगळी असते, त्यामुळं फ्लोअर बदलणं सोपं आहे. पण चासी क्रमांकाच्या ठशावर ग्राइंडर, सँडब्लास्टिंग किंवा जाड रंग जाऊ देऊ नका. काम सुरू करण्याआधी त्याचा पेन्सिलनं कागदावर ठसा उतरवून घ्या आणि फोटो काढा. क्रमांक वाचता आला नाही तर नूतनीकरणाच्या तपासणीत गाडी अडते. विंटेज नोंदणीचे नियम जुलै २०२१मध्ये आले. गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात हवी, त्यात मोठे बदल केलेले नसावेत. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. वर औशाच्या वाचकांनी कॉन्टेसाबद्दल विचारलं आहे. पहिल्या कॉन्टेसालाही हे वय २०३४च्या आधी गाठता येणार नाही.

प्रश्न : सगळं काम झालं, रंगही छान आला. आता गंज पुन्हा येऊ नये म्हणून अंडरकोटिंग पुरेल ना? — वाचक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : बाहेरून दिसणाऱ्या तळाला पुरेल. सिलच्या पोकळीत, दारांच्या तळात आणि खांबांच्या आत ते पोचत नाही, आणि वेल्डिंगनं आतला रंग जळलेला असतो तो नेमका तिथंच. त्यासाठी पोकळीत मारायचं पातळ मेण येतं. लांब नळीच्या टोकाला चहूकडं फवारा देणारी नोझल लावून, सिलच्या मूळच्या भोकांतून नळी दुसऱ्या टोकापर्यंत सारा आणि फवारत हळूहळू मागं ओढा. रंग पूर्ण वाळल्यावरच हे करा, कारण मेणावर पुढं कुठलाच रंग बसत नाही. उन्हात उभी करून करा, मेण पातळ राहून सांध्यांत शिरतं. पूर्ण गाडीला तीन-चार लिटर धरून चाला. तळाच्या सांध्यांना त्याआधी पीयू सीलंटची रेघ ओढलेली हवी.

डांबरी अंडरकोटिंग जुन्या गंजावर मारू नका. उन्हाळ्यात ते तडकतं आणि तडीतून गेलेलं पाणी आतच राहतं. मेण किंवा कोटिंग मारताना दारांच्या आणि सिलच्या तळाची पाणी जायची भोकं चुकून बुजतात, म्हणून काम संपल्यावर प्रत्येकात सायकलच्या आऱ्याची तार घालून मोकळं करा. मृगाच्या आधी दरवर्षी ही तार पुन्हा एकदा फिरवा, काचेखालच्या जाळीतला पाला काढा आणि चटया उचलून हात फिरवून पाहा. पाऊस संपेपर्यंत गाडीला प्लास्टिकचं घट्ट आवरण घालू नका. छपराखाली, काचा बोटभर उघड्या ठेवून उभी केलेली बरी.